वारीचा मुक्काम : तंबू, ताडपत्री, अंथरूण कसं निवडायचं? गावच्या दिंडीसाठी तयारीची पूर्ण माहिती

सोलापूर : आषाढी जवळ आली की जिल्ह्यातल्या गावागावांत एकच चर्चा सुरू होते. यंदा किती माणसं, ट्रक कोणाचा, तंबू कुठून आणायचे? जुन्या दिंड्यांचं बस्तान बसलेलं असतं. त्यांच्याकडे सामान असतं, ते लावणारी सवयीची पोरं असतात. अडचण होते ती पहिल्यांदा दिंडी काढणाऱ्या गावांची, किंवा चार-पाच घरं मिळून स्वतःचा टेम्पो घेऊन निघणाऱ्यांची. तंबू गळका निघाला तर एका रात्रीत साठ माणसांचं अंथरूण भिजतं आणि दुसऱ्या दिवशी त्याच माणसांना वीस किलोमीटर चालायचं असतं. म्हणून मुक्कामाच्या तयारीची माहिती इथे एकत्र दिली आहे. कार्तिकी वारी, कोजागिरीला सोलापूरहून तुळजापूरला पायी जाणारे भाविक, किंवा शेतात-धरणाकाठी एखादी रात्र काढणारे, यांनाही यातलं बरंच उपयोगी पडेल.

आधी तारीख आणि वाट पाहा

आषाढी दरवर्षी वेगळ्या तारखेला येते. २०२३ मध्ये ती २९ जूनला होती, २०२४ मध्ये १७ जुलैला, २०२५ मध्ये ६ जुलैला. अधिक महिना पडला की तारीख पुढे सरकते. याचा थेट संबंध सामानाशी आहे. वारी जूनमध्ये आली तर वाटेत ऊन, वळवाचा पाऊस आणि विजा जास्त. जुलैच्या मध्यावर आली तर पश्चिमेचा जोराचा वारा आणि रिपरिप. आपल्या जिल्ह्यात वर्षाला पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पडतो, त्यामुळे 'आपल्याकडं कुठला आलाय पाऊस' असं म्हणून लोक हलकी ताडपत्री घेतात. पण वारी आळंदीपासून असेल तर पुणे, दिवे घाट, सासवड हा पट्टा आधी लागतो. तिथला पाऊस वेगळा असतो.

ज्ञानेश्वर महाराजांची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघते. आळंदी ते पंढरपूर अंतर साधारण अडीचशे किलोमीटर. धर्मपुरीला ती आपल्या जिल्ह्यात येते. पुढे नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव आणि वाखरी असे मुक्काम होतात. तुकाराम महाराजांची पालखी सप्तमीला देहूहून निघते आणि सराटीहून नीरा ओलांडून अकलूजला येते. पुढे बोरगाव, पिराची कुरोली आणि वाखरी. त्र्यंबकेश्वरहून येणारी निवृत्तीनाथांची पालखी करमाळा तालुक्यातून येते. शेगावची गजानन महाराजांची पालखी सोलापूर शहरातून मंगळवेढ्याकडे जाते. आपली दिंडी कोणत्या पालखीबरोबर, कुठून चालणार आणि किती रात्री बाहेर काढणार, हे आधी ठरवा. अकलूजपासून चार रात्री चालणाऱ्यांची यादी आणि आळंदीपासून चालणाऱ्यांची यादी एक असू शकत नाही.

मुक्कामाची जागाही आधी पाहून ठेवा. दोन-तीन माणसांनी मोटारसायकलवर एक चक्कर मारली तरी पुरे. रान कोणाचं, पेरलेलं आहे का, पाणी कुठं, ट्रक पाऊस झाल्यावर आत-बाहेर करू शकेल का, एवढं बघायचं. काळ्या रानात ट्रक रुतला की पहाटेचं निघणं कोलमडतं. जागा मुरमाड, थोडी उंचवट्याची आणि रस्त्याला लागून असेल तर उत्तम.

माणसं मोजा, मग तंबू मोजा

झोपलेल्या एका माणसाला दोन फूट रुंद आणि सहा फूट लांब जागा लागते, म्हणजे १२ चौरस फूट. उशापायथ्याची पिशवी आणि वावरायला जागा धरून १५ चौरस फूट धरा. १० बाय १५ फुटांची राहुटी १५० चौरस फुटांची, म्हणजे हिशेबाने १० माणसं. पण राहुटीच्या दोन्ही कडा उतरत्या असतात, तिथं झोपलं की कापड अंगाला लागतं. म्हणून प्रत्यक्षात ८ माणसंच धरा.

६० माणसांची दिंडी असेल तर ६० भागिले ८, म्हणजे साडेसात, म्हणजे ८ राहुट्या. याशिवाय :

- स्वयंपाकासाठी एक वेगळी, चारी बाजूंनी उघडी ताडपत्री
- बायकांच्या आंघोळीसाठी व कपडे बदलायला कनातीचा आडोसा
- भजन-कीर्तन आणि पंगतीसाठी जमलं तर एक मोठं पाल
- एक जादा ताडपत्री, कारण एक तरी फाटतेच

बायका-पुरुषांच्या राहुट्या वेगळ्या असतात. त्यामुळे एकूण माणसांना ८ ने भागून चालत नाही. दोन्ही आकडे वेगवेगळे भागा. २५ बायकांना चार राहुट्या आणि ३५ पुरुषांना पाच, म्हणजे ८ नाही तर ९ लागतात. इथंच अनेकांचा हिशेब चुकतो आणि शेवटी कोणीतरी ट्रकखाली झोपायला जातं.

तंबू कोणता घ्यायचा?

बाजारात साधारण तीन प्रकार मिळतात.

*कॅनव्हासचा, म्हणजे जाड सुती कापडाचा तंबू.* आत उकाडा कमी होतो, वाऱ्याला दमदार असतो, दहा-बारा वर्षं टिकतो. पण जड असतो, भिजला की आणखी जड होतो. पावसात आतून कापडाला हात किंवा पिशवी टेकली तर त्या जागी पाणी झिरपायला लागतं, हे सगळ्यांना सांगून ठेवा. ओला गुंडाळून ठेवला तर बुरशी धरतो. ट्रक सोबत असेल तर मोठ्या दिंडीला हाच परवडतो.

*प्लास्टिकच्या ताडपत्रीची राहुटी.* स्वस्त आणि हलकी, म्हणून सगळ्यांत जास्त हीच दिसते. आत उकडतं आणि पहाटे आतल्या बाजूला दव साचून थेंब पडतात. लोकांना वाटतं गळतेय, पण तो आपल्याच श्वासाचा दमटपणा असतो. समोरासमोरच्या दोन्ही बाजूंना वरती वीतभर फट ठेवली की हा त्रास कमी होतो.

*डोम टेंट.* वाकवायच्या काड्यांचा, पाच मिनिटांत उभा राहणारा. तीन-चार जणांच्या कुटुंबाला सोयीचा. दुकानदार 'चार माणसांचा' म्हणाला तर सामानासह तीनच मावतात असं समजा. घेताना चार गोष्टी बघा. वरचं पावसाचं कव्हर वेगळं आणि जवळजवळ जमिनीपर्यंत येणारं आहे का, शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेली आहे का, तळाचं कापड बादलीसारखं कडेनं वर चढलेलं आहे का, आणि दाराला मच्छरदाणीची जाळी व चेन नीट आहे का. कापडावर पाणी रोखण्याचा आकडा मिलिमीटरमध्ये लिहिलेला असतो. आपल्याकडच्या पावसाला १५०० ते ३००० पुरे. फक्त ऊन अडवणारे, एकाच कापडाचे स्वस्त तंबू वारीत उपयोगाचे नाहीत.

पहिल्याच वर्षी सगळं विकत घ्यायची गरज नाही. तालुक्याच्या मंडपवाल्याकडून भाड्यानं घ्या, एक वारी करा, मग ठरवा. मात्र भाड्याचा माल घेताना प्रत्येक नग उघडून, उजेडाकडे धरून बघा. भोकं लगेच दिसतात. दोर, मेखा, खांब मोजून लिहून घ्या. परत देताना वाद होत नाही.

ताडपत्री घेताना

ताडपत्रीवर 'जीएसएम' लिहिलेलं असतं. म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं वजन किती ग्रॅम. आकडा मोठा तेवढी ताडपत्री जाड. जमिनीवर अंथरायला १२० ते १५० चालते. डोक्यावर राहुटी म्हणून २०० च्या वरचीच घ्या. ट्रकवर टाकायला २५० किंवा जास्त. कडेला दोर शिवून घातलेला असावा, कड्या अॅल्युमिनियमच्या आणि तीन-तीन फुटांवर असाव्यात. कडी असलेला कोपरा हातानं जोरात ओढून बघा. ताडपत्री फाटते ती बहुतेक कोपऱ्यातच.

घरी आणल्यावर एकदा अंगणात उभी करा आणि वरून पाच-सहा बादल्या पाणी ओता. गळती कळायची ती घरी कळावी, वाल्ह्याच्या रानात नव्हे.

मेखा, दोर आणि चर

तंबू पडतो तो कापडामुळे कमी आणि मेखांमुळे जास्त. आपली काळी जमीन वाळली की दगडासारखी होते आणि भिजली की लोण्यासारखी. वाळलेल्या रानात ठोकलेली बारीक सळई पावसानंतर हातानं उपसते. म्हणून :

- काळ्या रानासाठी दीड-दोन फुटांच्या, जाड किंवा रुंद मेखा ठेवा. लाकडी असल्या तरी चालतात.
- मुरमासाठी लोखंडी मेखा, घण आणि पहार.
- मेख तिरकी ठोकायची. टोक तंबूकडे, डोकं तंबूपासून लांब झुकलेलं.
- दोर जमिनीशी साधारण ४५ अंशांत असावा. फार उभा ताणला की मेख उपसते.
- सुती दोर आणि सुतळी भिजली की आकसते, ओढ वाढून मेख किंवा कापड निघतं. रात्री पाऊस येणार असेल तर थोडी सैल सोडा. नायलॉनचा दोर उलट भिजल्यावर ढिला पडतो, तो पुन्हा ताणावा लागतो.
- दोरांना पांढऱ्या चिंध्या बांधा. रात्री उठलेला म्हातारा माणूस त्यात अडकून पडतो, हे दर मुक्कामाला घडतं.

आषाढात आपल्याकडे वारा पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतो. राहुटीचं तोंड पूर्वेकडे ठेवा. भोवती चार ते सहा बोटं खोल चर काढा आणि उताराच्या बाजूला त्याला वाट द्या. त्यासाठी रानाच्या मालकाला आधी विचारा, आणि निघताना चर बुजवा. खाली अंथरलेल्या ताडपत्रीच्या कडा राहुटीच्या बाहेर येऊ देऊ नका. बाहेर राहिलेली कड पावसाचं पाणी गोळा करून आत अंथरुणाखाली आणते. कडा आत दुमडून घ्या.

जागा निवडताना हे टाळा : ओढ्या-नाल्याचं पात्र, विजेच्या तारा आणि डीपीखालची जागा, एकटं उंच झाड, उकिरडा, कडब्याची गंज, आणि ट्रक मागे-पुढे होणारी जागा. ट्रकखाली किंवा चाकापुढे कोणीही झोपायचं नाही, हा दिंडीचा पहिला नियम करा. पहाटे तीन-चारला अंधारात गाड्या हलतात आणि चालकाला खाली झोपलेला माणूस दिसत नाही.

अंथरूण-पांघरूण

खालून येणारी ओल आणि गारवा जास्त त्रास देतो. म्हणून आधी खालचं बघा. ताडपत्री, त्यावर प्लास्टिकची विणलेली चटई, त्यावर सतरंजी किंवा वाकळ. घडीची फोमची चटई हलकी असते आणि पाणी पीत नाही, गुडघे-कंबर दुखणाऱ्यांना तीच बरी. कापसाची गादी नेऊ नका. एकदा भिजली की वारी संपेपर्यंत वाळत नाही.

पांघरायला आषाढीत सोलापुरी चादर पुरेशी असते. धुता येते, लवकर वाळते. घोंगडी जड असते, पण लोकरीची असल्यानं ओलसर झाली तरी ऊब देते आणि वरून पाऊस झेलते. म्हणून ट्रकमध्ये दोन-चार घोंगड्या आजारी माणसांसाठी असू द्या. कार्तिकीला मात्र थंडी पडलेली असते, तेव्हा प्रत्येकाला जाड पांघरूण आणि कानटोपी हवीच.

वळकटी आधी प्लास्टिकच्या मोठ्या पिशवीत, मग कापडी पिशवीत बांधा. वर ऑइलपेंटनं नाव, गाव आणि दिंडीचा क्रमांक लिहा. ट्रकमधून साठ वळकट्या उतरवताना एकसारख्या दिसतात.

खांद्यावरची पिशवी

ट्रक पुढे जातो, माणूस मागून चालतो. दुपारी गरज लागेल ते खांद्यावर हवं, पण पिशवी पाच किलोच्या आत असावी. त्यात एवढंच :

- पाण्याची एक लिटरची बाटली
- रेनकोट किंवा प्लास्टिकचा कागद
- टॉवेल, एक जोड कपडे, जादा मोजे
- रोजच्या गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी
- ओआरएसची दोन पाकिटं, भाजलेले शेंगदाणे, गूळ
- टॉर्च, मोबाइल (प्लास्टिकच्या पिशवीत), थोडी सुटी रोकड
- आधार कार्डाची झेरॉक्स

नवी चप्पल किंवा बूट घालून वारीला निघू नका. महिनाभर आधी घ्या आणि रोज चार-पाच किलोमीटर चाला. आळंदीपासून चालणाऱ्यांना पुणे ते सासवड हा तिसेक किलोमीटरचा टप्पा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच लागतो आणि त्यातच दिवे घाट आहे. पायाला फोड आला तर वरची कातडी ओढून काढू नका. धुवा, कोरडा करा, चिकटपट्टी लावा. मधुमेह असलेल्यांनी रोज रात्री तळपाय दुसऱ्याला दाखवायचा, कारण जखम झालेली त्यांना कळत नाही. इन्सुलिन घेणाऱ्यांनी ती बाटली छोट्या मातीच्या मडक्यात ठेवून भोवती ओलं फडकं गुंडाळावं. बर्फावर थेट ठेवू नये.

पालखी मार्गाचं राष्ट्रीय महामार्ग म्हणून रुंदीकरण झालं (भूमिपूजन ८ नोव्हेंबर २०२१ ला झालं होतं). रस्ता मोठा झाला, पण कडेची बरीच जुनी झाडं गेली आणि नवी झाडं सावली धरायला वेळ आहे. म्हणून दुपारच्या विसाव्याला सावली मिळेलच असं धरू नका. चार बांबू आणि एक हलकी ताडपत्री विसाव्याच्या ठिकाणी टेम्पोत ठेवा. टोपी, उपरणं, पदर डोक्यावर असू द्या.

पाणी

चालणाऱ्या माणसाला पिण्याला चार लिटर आणि स्वयंपाकाला तीन लिटर, म्हणजे माणशी सात लिटर चांगलं पाणी धरा. ६० माणसांना ४२० लिटर. म्हणजे २०० लिटरची दोन पिंपं आणि वर २० लिटरचा एक जार. आंघोळ, धुणं, भांडी धरली तर जगभरात आपत्तीच्या छावण्यांसाठी किमान १५ लिटर माणशी हे माप मानतात. तेवढं पाणी टँकरवरच मिळतं. म्हणून टँकर भरण्याची ठिकाणं कुठं आहेत ते मुक्कामाला पोचल्यावर लगेच विचारा.

टँकरचं पाणी असो की विहिरीचं, पिण्याच्या पिंपात क्लोरीनची गोळी किंवा द्रव टाका. प्रमाण पाकिटावर दिलेलं असतं, तेच पाळा आणि अर्धा तास थांबा. पिंपाला तोटी असावी. तोटी नसेल तर लांब दांड्याचं ओगराळं. पिंपात तांब्या बुडवायचा नाही, कारण पन्नास हात त्यात बुडतात आणि एकाचं पोट बिघडलं की दिंडीचं बिघडतं.

जुलाब लागले तर ओआरएसचं एक पाकीट एक लिटर पाण्यात. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. घोट-घोट पाजत राहा. लघवी थांबली, डोळे खोल गेले किंवा माणूस सुस्त झाला तर थांबू नका, जवळच्या आरोग्य पथकाकडे न्या.

शौचाला फिरती शौचालयं वापरा. ती दूर असतील आणि चर खणावा लागला तर विहीर-ओढ्यापासून किमान ३० मीटर लांब खणा आणि रोज वर माती टाका.

स्वयंपाक आणि आग

गॅसची टाकी घेताना तिच्या कड्याजवळच्या पट्टीवर इंग्रजी अक्षर आणि दोन आकडे असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. पुढचा आकडा वर्षाचा. ती तपासणीची मुदत आहे. मुदत उलटलेली टाकी परत करा. टाकी ट्रकमध्ये आणि मुक्कामाला उभीच ठेवा, आडवी नको. नळी नवी घ्या, ती वर्षानुवर्षं माळ्यावर पडलेली नको.

चूल किंवा शेगडी झोपायच्या राहुटीत कधीच पेटवायची नाही, पाऊस असला तरी. बंद तंबूत विषारी धूर साचतो, त्याला वास नसतो आणि झोपलेला माणूस उठत नाही. प्लास्टिकची राहुटी आणि डोम टेंट पेटला तर क्षणात वितळून अंगावर येतो. उदबत्ती, दिवा, कासवछाप बाहेर, पत्र्याच्या ताटलीत. स्वयंपाकाच्या जागी दोन बादल्या वाळू आणि एक ओलं पोतं नेहमी असू द्या.

जनरेटर असेल तर तो झोपायच्या जागेपासून लांब, वारा जिकडे वाहतो त्या बाजूला. तारेवर आकडा टाकून वीज घेऊ नका. ओल्या रानात, लोखंडी खांबांच्या तंबूत, त्याची किंमत जीवाची असते. बॅटरीवरचे एलईडी दिवे आता सगळीकडे मिळतात, राहुटीला एक पुरतो. मोबाइलसाठी १०,००० एमएएचची पॉवर बँक असेल तर ५,००० च्या मोबाइलचं चार्जिंग दोनदा होईल असं धरू नका. प्रत्यक्षात सव्वा ते दीड वेळा होतं.

वीज चमकली तर

तंबू विजेपासून वाचवत नाही. लोखंडी खांब उलट धोका वाढवतात. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत आकडे मोजा. तीसच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. लगेच पक्क्या इमारतीत, शाळेत किंवा काचा बंद असलेल्या गाडीत जा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. झाडाखाली गोळा होऊ नका. पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामान संस्थेचं 'दामिनी' अॅप मोबाइलमध्ये असू द्या, ते जवळ वीज पडण्याची शक्यता दाखवतं. दिंडीत एका तरुणाकडे हे कामच सोपवा.

साप आणि विंचू

पावसाळ्यात जमिनीवर झोपणाऱ्याला सगळ्यांत मोठा धोका मण्यारचा. हा साप रात्री फिरतो आणि झोपेतच चावतो. फार दुखत नाही, सूज येत नाही, खूणही नीट दिसत नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, बोलताना जीभ अडखळते. अशी लक्षणं दिसली तर 'पित्त झालं असेल' म्हणून वेळ घालवू नका. थेट ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय. आवळपट्टी बांधायची नाही, कापायचं नाही, तोंडानं ओढायचं नाही, मांत्रिकाकडं जायचं नाही. माणसाला आडवं ठेवा, चालू देऊ नका आणि १०८ ला फोन करा. आपल्याकडची लस मण्यार, नाग, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर चालते. त्यामुळे साप मारून नेण्याची गरज नाही.

यावर सोपा उपाय म्हणजे मच्छरदाणी, चारी बाजूंनी अंथरुणाखाली खोचलेली. डास, विंचू, साप तिन्ही अडतात. रात्री उठताना टॉर्च, सकाळी चप्पल झटकून घालणं आणि उरलेलं अन्न राहुटीपासून लांब, एवढं पाळलं तरी बरंच टळतं. लाल विंचू चावून घाम सुटला, उलटी झाली, हातपाय गार पडले तर त्यालाही दवाखानाच. यावर प्राझोसिन हे औषध गुणकारी ठरतं, हे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी दाखवून दिलं आणि ते आता सरकारी दवाखान्यांत वापरतात.

माणूस चुकला तर

प्रत्येकाच्या गळ्यात कार्ड हवं. त्यावर नाव, गाव, दिंडीचा क्रमांक (रथापुढे की रथामागे तेही), ट्रकचा नंबर आणि दोन फोन नंबर. प्लास्टिकचं आवरण घालून घ्या. म्हाताऱ्या माणसांना आणि लहान पोरांना पुढच्या मुक्कामाचं नाव रोज सकाळी पाठ करून घ्या. चुकलं तर त्या गावच्या पालखी तळावर जायचं, एवढं ठरलेलं असलं की निम्मा गोंधळ मिटतो. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी तळावर संध्याकाळच्या समाज आरतीला हरवल्या-सापडल्याची माहिती दिली जाते, तिथं दिंडीचा एक माणूस हजर असावा.

पंढरपुरात पोचल्यावर

मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर चंद्रभागेच्या वाळवंटात तंबू-राहुट्या लावायला मनाई आहे. दिंड्यांसाठी नदीपलीकडे ६५ एकरांचा तळ (भक्तिसागर) आहे. तिथं प्रशासन जागा नेमून देतं. आपला एक माणूस कागदपत्रं घेऊन दोन-तीन दिवस आधी तिथं पोचला पाहिजे. उशिरा आलेल्यांना सखल कोपरा मिळतो.

वाळवंटात नुसतं अंथरूण टाकूनही झोपू नका. पंढरपुरात पाऊस नसला तरी उजनीतून भीमेत किंवा वीर धरणातून नीरेत पाणी सोडलं की नृसिंहपूरच्या संगमावरून ते पंढरपुरात येतं. रात्रीत पातळी वाढते.

तयारीचं वेळापत्रक

- *दोन महिने आधी :* माणसांची नावं, भिशी, ट्रक-टेम्पो, तंबू भाड्याचे की विकतचे
- *एक महिना आधी :* चप्पल-बूट, चालण्याचा सराव, वयस्करांची तपासणी, रोजच्या गोळ्या २५ दिवसांच्या
- *पंधरा दिवस आधी :* राहुट्या उभ्या करून पाण्याची चाचणी, वाहनाची कागदपत्रं आणि टोलमाफीच्या स्टिकरची चौकशी
- *आठ दिवस आधी :* गळ्यातली कार्डं, क्लोरीन, ओआरएस, मच्छरदाण्या, गॅसची नळी
- *आदल्या दिवशी :* ट्रक भरणं. आधी शिधा, मग वळकट्या, आणि ताडपत्री, मेखा, घण सगळ्यांत शेवटी. मुक्कामाला पाऊस असेल तर हेच आधी उतरवायचं असतं.

रान सोडताना मेखा मोजा, चर बुजवा, पत्रावळ्या आणि प्लास्टिक गोळा करून ट्रकमध्ये टाका. मेख रानात राहिली तर पुढच्या महिन्यात ती शेतकऱ्याच्या पायात किंवा ट्रॅक्टरच्या टायरमध्ये घुसते. पुढच्या वर्षी त्याच रानात जागा मिळेल की नाही, हे यंदा आपण ते कसं सोडलं यावर ठरतं.

*तातडीचे क्रमांक : रुग्णवाहिका १०८, पोलीस व इतर मदत ११२, अग्निशमन १०१.*